नाना शंकरशेट: आगगाडी मोठी की १८४७ चा वाद?

दुसरा_मजला (धागाकर्ता)

नाना (जगन्नाथ) शंकरशेट म्हटलं की आगगाडी. शाळेच्या पुस्तकात तेच, दर १६ एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच. बोरीबंदर ते ठाणे, १८५३, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफा. आता गाडी आणण्यात नानांचा हात होता हे कोण नाकारतंय? पण ती नाना नसते तरी आली असती, फार तर पाचदहा वर्षं उशिरा. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि लंडनच्या पैशाला व्याज.

माझ्या मते नानांचं सगळ्यात मोठं काम दुसरंच आहे. १८४० मध्ये मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं आणि नाना पहिल्यापासून त्यात होते. पुढे सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, वजनदार माणूस. त्यांचा आग्रह असा की सरकारने पैसा आणि लक्ष इंग्रजी शिक्षणावर लावावं. १८४७ मध्ये यावर बोर्डात सरळ दोन तट पडले. पेरींच्या विरोधात नाना, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्विस. म्हणजे एक मराठी, एक पारशी, एक कोकणी मुसलमान आणि एक इंग्रज इंजिनिअर! नानांनी लेखी टिपणीत मत मांडलं, ते साधारण असं: पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयोगी ज्ञान न्यायचं असेल तर त्यासाठी देशी भाषा इंग्रजीपेक्षा सरस आहेत.

शेवटी सरकारने मधला मार्ग काढला. खालच्या शाळा देशी भाषांत, वरचं शिक्षण इंग्रजीत. तरी बंगालच्या तुलनेत आपल्याकडे मराठी-गुजराती शाळांचा पाया भक्कम राहिला, याचं श्रेय मी त्या चौघांना देतो.

तुम्हाला काय वाटतं?

एक_वाचक

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाचतोय.

रूळबदल

धाग्याशी असहमत, आणि नाव बघून कारण कळलंच असेल. :)

"नाना नसते तरी आली असती" हे आज बसून म्हणायला सोपं आहे. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी मिळून रेल्वेसाठी संस्था उभी केली तेव्हा आशियात कुठे प्रवासी आगगाडी धावत नव्हती. घोडा नाही, बैल नाही, आणि गाडी पळणार, यावर पैसे लावायला इथल्या पेढीवाल्यांना कोण सांगणार? गव्हर्नरने सांगून ते ऐकणार नव्हते. नानांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात रेल्वेच्या कचेरीला जागा दिली म्हणतात, ती नुसती जागा नव्हती. शेटच्या घरात कचेरी आहे म्हणजे प्रकरण खरं आहे, एवढं बाजाराला कळत होतं.

पुढे हे सगळं ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनीच्या पोटात गेलं, नाना तिच्या मुंबईच्या कमिटीवर आले. १८५० मध्ये सायनजवळ काम सुरू, १८५३ मध्ये गाडी. अडीच वर्षं! आज एक पादचारी पूल...

जाऊ दे.

कोरडा_हिशेब

@रूळबदल, पादचारी पुलाबद्दल अनुमोदन. पण पैशाचा दुसरा भागही लिहा की. कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती. नफा झाला तर भागधारकांचा, खोट आली तर भरून द्यायची इथल्या शेतसाऱ्यातून. अशा व्यवहारात धाडस कसलं? मीही लावले असते पैसे.

रूळबदल

हमीचा करार १८४९ चा. नाना आणि जमशेटजी १८४५ मध्ये उतरले होते. तेव्हा कोण हमी देत होतं?

कोरडा_हिशेब

मुद्दा मान्य. शेतसारा मागे घेत नाही.

चाळकरी

मला एक मूलभूत शंका आहे. जमशेटजींचं कळतं, चीनशी व्यापार, अफू आणि कापूस, जार्डिन मॅथिसनशी भागीदारी. पण नाना नेमका कसला धंदा करायचे? सगळीकडे "थोर दानशूर" एवढंच लिहिलेलं असतं. दान करायला आधी पैसे लागतात राव.

कोरडा_हिशेब

हा माझा प्रांत. जरा लांबण लागेल.

घराणं मुरकुट्यांचं, दैवज्ञ, मूळ व्यवसाय जवाहिऱ्याचा आणि सावकारीचा. अठराव्या शतकात घोडबंदरकडून मुंबईत आले. पूर्वज गणबाशेट, फोर्टातल्या जुन्या गनबो स्ट्रीटचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं मानतात. वडील शंकरशेट यांनी इंग्रज-मराठे-टिपू यांच्या लढायांच्या काळात पैसा जोरात वाढवला. युद्ध म्हणजे फौजेला रोकड, रोकड म्हणजे सावकार. १८२२ मध्ये वडील गेले आणि विशीही न उलटलेल्या नानांच्या हाती हे सगळं आलं: पेढी, आणि गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव या बाजूच्या जमिनी. त्या तेव्हा कोटाबाहेरच्या वाड्या होत्या. मुंबई उत्तरेला सरकत गेली तशी त्या जमिनीची किंमत आपोआप वाढत गेली.

पण खरा धंदा चालायचा तो पत या भांडवलावर. मुंबईत येणारे अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे ठेवत असत. बँक ऑफ बॉम्बे १८४० ची. म्हणजे बँक समोर असतानाही! आता विचार करा, ज्याच्याकडे काबूलचा माणूस न मोजता थैली ठेवतो त्याचं नाव एखाद्या वर्गणीच्या यादीत सगळ्यात वर असेल तर खालचे लोक सही करायला का कू करतील का? नानांचं राजकारण सगळं असंच चाललं. निवडणूक नव्हतीच. सभा, कमिटी, अर्ज, वर्गणी. या चारही ठिकाणी लागते ती पत.

चाळकरी

दंडवत. असं शाळेत कोणी शिकवलं असतं तर इतिहासात पस्तीस मिळाले नसते.

मुरबाडी

नाना आमच्या मुरबाडचे. १० फेब्रुवारी १८०३ चा जन्म. आणि हो, मुंबईला रेल्वे देणाऱ्या माणसाच्या मुरबाडात आजही रेल्वे नाही. कल्याणहून एसटी किंवा वडाप. आमच्या आजोबांपासून "यंदा येणार" ऐकतोय.

धागा चालू ठेवा, मी एसटीत आहे, रेंज जाईल.

साखरभात

हसून हसून पुरे वाट!

संस्कृत_९९

अवांतर: आमच्या घरी "शंकरशेट" हा शब्द फक्त एका अर्थाने वापरला जायचा. दहावीला संस्कृतात बोर्डात पहिला येणाऱ्याला मिळते ती जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. नाना गेल्यावर त्यांच्या मुलाने विद्यापीठाकडे निधी दिला त्यातून ती सुरू झाली. चिंतामणराव देशमुखांना १९१२ च्या मॅट्रिकला मिळाली होती, आणि आमची आई हे दर रविवारी सांगायची. मला संस्कृतात ९९ मिळाले. शिष्यवृत्ती ज्याला मिळाली त्यालाही ९९ च असतील अशी समजूत करून घेतली आहे.

साखरभात

एक मार्क कशात गेला?

संस्कृत_९९

विसर्गात. पुढे विचारू नये.

तिसरी_घंटा

जाता जाता, नाटकवाल्यांचं देणं कोणीच काढलं नाही. १८४६ मध्ये ग्रँट रोडला जे नाट्यगृह उभं राहिलं त्याची जागा नानांची. सुरुवातीला साहेबांची इंग्रजी नाटकं व्हायची. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांची सांगलीकर मंडळी मुंबईत आली आणि त्याच रंगमंचावर मराठी नाटक लागलं. तिकीट काढून, खुर्चीत बसून, पडदा वर जाताना मराठी नाटक बघायची सवय मुंबईला तिथे लागली. आगगाडी आणि तिकिटाचं मराठी नाटक, दोन्ही एकाच सालात, दोन्हींच्या मागे एकच माणूस. माझं मत नाट्यगृहाला.

उलटतपासणी

सगळे आरती ओवाळताय म्हणून जरा पाणी ओततो.

नाना आणि त्यांच्या भोवतीचे सगळे शेटिये हे कंपनी सरकारच्या जिवावर मोठे झालेले लोक. जस्टिस ऑफ द पीस, ग्रँड ज्युरी, गव्हर्नरकडचे दरबार. कमिट्यांवर नेमणूक सरकार करणार, हे बसणार. यात "राजकारण" कुठे आलं? आलिशान खुर्च्यांवरचा राजनिष्ठ सावकार आणि त्याला आपण "मुंबईचे शिल्पकार" म्हणतो. शिल्प घडवणारे कामाठीपुऱ्यात राहत होते.

दुसरा_मजला

@उलटतपासणी, शेवटच्या वाक्याला मान्यता. आधीच्या परिच्छेदाला नाही.

२६ ऑगस्ट १८५२, बॉम्बे असोसिएशन. नाना अध्यक्ष, भाऊ दाजी चिटणीस, तरुणांमध्ये दादाभाई नौरोजी. कंपनीची सनद १८५३ मध्ये नव्याने मंजूर व्हायची होती, त्याआधी थेट पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. मागण्या काय? कारभाराचा खर्च कमी करा, वरच्या जागांवर इथली माणसं घ्या, कायदे करणाऱ्या कौन्सिलात इथल्या लोकांना बसवा. अर्जाची भाषा तिखट आहे म्हणून काही बड्या शेटियांनी अंग काढून घेतलं. नाना मात्र टिकून राहिले. नुसता राजनिष्ठ सावकार असता तर पहिला तोच उठला असता.

उलटतपासणी

अर्जच. "आपले आज्ञाधारक" लिहून.

दुसरा_मजला

१८५२ मध्ये काय हॅशटॅग चालवायचा होता?

पेशवाईचा_कारकून

राजनिष्ठेचा विषय निघालाच आहे तर १८५७ आठवा. बंडाच्या काळात मुंबईतल्या गोऱ्यांनी नानांवरच संशय घेतला, की हे बंडवाल्यांना सामील आहेत. तेव्हा मुंबईच्या पोलिसांचा कारभार चार्ल्स फोर्जेट बघत होता, वेषांतर करून अड्ड्यांत बसून कान लावणारा माणूस. चौकशी झाली, काही निघालं नाही. पण बघा, तीस-पस्तीस वर्षं कमिट्यांवर बसलेल्या माणसावर एका उन्हाळ्यात विश्वास उडाला. सरकारची मर्जी म्हणतात ती एवढीच.

साखरभात

कानपूरचा नाना आणि गिरगावचा नाना यांत गोंधळ झाला असेल हो. पत्ता नीट लिहीत जा.

पेशवाईचा_कारकून

:) 

दुसरी गोष्ट, जी फार कमी लिहिली जाते. १७७९ मध्ये पुण्याच्या पेशव्यांच्या सांगण्यावरून मुंबईच्या इंग्रज सरकारने सोनारांना फर्मान काढलं होतं की त्यांनी "नमस्कार" म्हणू नये. अभिवादनाचा तो प्रकार त्यांचा नव्हे म्हणे. म्हणजे नानांच्या जन्माआधी जेमतेम चोवीस वर्षं! त्याच ज्ञातीतला माणूस त्याच मुंबईत शाळा कुठे काढायच्या हे ठरवायला बसतो, आणि १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसणाऱ्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी एक होतो. @उलटतपासणी, "सरकारच्या जिवावर मोठे झाले" हे खरं असेल, पण ज्यांना पेशवाईत नमस्कारही करू देत नव्हते त्यांनी इंग्रजांच्या मुंबईकडे आशेने बघितलं यात नवल काय?

उलटतपासणी

हे माहीत नव्हतं. हा खरा मुद्दा आहे. यावर विचार करतो.

रूळबदल

इतिहासात नोंद करा, उलटतपासणी विचार करणार आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यायचं चाललं होतं, त्याचं काय झालं?

रूळबदल

मेट्रोच्या भुयारी स्थानकाला मिळालं आहे. वरच्या स्थानकाची मागणी जुनीच. पण यात एक गंमत आहे: नानांची रेल्वे म्हणजे जीआयपी, आजची मध्य रेल्वे. मुंबई सेंट्रल नावात सेंट्रल असलं तरी पश्चिम रेल्वेवर, आणि बांधलं १९३० मध्ये, नाना जाऊन पासष्ट वर्षं झाल्यावर. त्यांचं नाव द्यायचं तर माझ्या मते ठाणे शोभलं असतं. सीएसएमटीच्या दर्शनी भिंतीवर जे चेहरे कोरले आहेत त्यांत नाना आणि जमशेटजी दोघंही आहेत, खालून रोज लाखो माणसं जातात, मान वर करायला वेळ कोणाला आहे.

ताडदेवचा_दिनू

अहो, स्थानक नानांच्याच जमिनींच्या टापूत आहे की! नाना चौक तिथून चालत दहा मिनिटं. भवानीशंकराचं देऊळ, जे वडिलांनी बांधलं, तेही तिथेच. काँग्रेसची पहिली बैठक १८८५ मध्ये गवालिया टँकला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत झाली, तीही तिथून हाकेच्या अंतरावर. नाव तिथेच हवं. ठाण्याला तुमचं दुसरं कोणी शोधा.

रूळबदल

ठाणेकर येतील आता. धाग्याचा खरडफळा (नुसत्या गप्पांचा फळा) होणार.

ओवी_ग

मुलींच्या शाळेबद्दल एकही प्रतिसाद नाही? बघून ठेवलं आहे.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. या पोरांनी पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या, शिकवायचेही तेच, आपलं कॉलेज सांभाळून. मराठी मुलींच्या शाळेला नानांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. त्याच सुमारास पुण्यात भिडेवाडा. सावित्रीबाईंवर शेण पडत होतं; मुंबईत शाळा नाना शंकरशेटच्या आवारात असल्यावर दगड मारायची छाती कोणाची होती? म्हणून मला फुल्यांचं धाडस मोठं वाटतं, पण नानांची जागाही क्षुल्लक वाटत नाही. वर कोरडा_हिशेब पत म्हणाले ती इथे ढाल झाली.

आणि सतीबंदीला पाठिंबा देणाऱ्यांतही नाना होते, तेव्हा पंचविशीत-तिशीत असतील.

कोरडा_हिशेब

ओवी_ग यांना अनुमोदन. आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? तीस प्रतिसाद होत आले आणि १८४७ वर कोणीच बोललं नाही.

मला धागाकर्त्याच्या मांडणीत एक अडचण दिसते. नानांनी मराठीचा पक्ष घेतला हे खरं. पण १८२७ मध्ये एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाले तेव्हा त्यांच्या नावाने दोन लाखांच्या वर निधी जमवून इंग्रजी प्राध्यापक आणायचं ठरवणाऱ्यांतही नाना होते. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. दादाभाई तिथले, भाऊ दाजी तिथले. असोसिएशनचा अर्ज लिहिणारी बुद्धी इंग्रजीतून आलेली. ग्रँट मेडिकल कॉलेज, १८४५, इंग्रजीतून. मग नाना मराठीवाले कसे?

दुसरा_मजला

यात मला विसंगती दिसत नाही. मुरबाडच्या कुळाच्या पोराला हिशेब आणि भूगोल मराठीतून मिळावा, आणि ज्याला डॉक्टर किंवा वकील व्हायचं आहे त्याला इंग्रजी मिळावं, असं त्यांचं म्हणणं. पेरींचा हिशेब वेगळा होता: थोड्यांना चांगलं इंग्रजी शिकवा, ते खाली झिरपेल. नानांना मुंबईच्या बाहेरची माणसं माहीत होती, झिरपणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आणि जर्विस काय हवेतून बोलत नव्हता. त्याने स्वतः गणिताची पुस्तकं मराठीत करून घेतली होती, १८२० च्या दशकात इंजिनिअरिंगचा वर्ग मराठीतून चालवला होता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ लाच आला होता. "मराठीत हे जमणार नाही" म्हणणाऱ्याला दाखवायला यांच्याकडे काम होतं.

आता आगगाडीशी तुलना का केली ते सांगतो. रेल्वेत सरकार, लंडन आणि नाना, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. १८४७ मध्ये नानांना त्याच बोर्डाच्या अध्यक्षाविरुद्ध लिहावं लागलं, आणि तो अध्यक्ष कोर्टात बसणारा न्यायाधीश. सावकाराला न्यायाधीशाशी वाकडं घेणं परवडतं का? इथे पत वापरली नाही, पणाला लावली.

चाळकरी

"पणाला लावली" पटलं. पण मग १८५२ चा अर्जही त्याच रांगेत बसतो की.

दुसरा_मजला

बसतो. १८४७ आधी झालं एवढंच.

ओवी_ग

मराठी शाळा आज कशा बंद पडताहेत ते बघता नानांचा तो वाद जिंकला गेला असं म्हणवत नाही. पण आपल्याच मुलांना इंग्रजी माध्यमात घालून इथे हा धागा वाचणारे किती, हे विचारत नाही. मीही त्यात आहे.

साखरभात

शांतता पसरली.

पेशवाईचा_कारकून

एक शेवटचं. पेरींशी एवढं वाजलं, पण ते १८५२ मध्ये निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या सन्मानार्थ निधी गोळा केला, आणि त्यातून कायद्याचं पेरी अध्यासन निघालं. १८५५ पासून वर्ग सुरू, तेच आजचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. त्या कामातही नाना पुढे होते. ३१ जुलै १८६५ ला नाना गेले. महिनाभर आधी, १ जुलैला, कापसाच्या तेजीतले शेअर कोसळून अर्धी मुंबई रस्त्यावर आली होती. नानांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीत आहे.

चाळकरी

शेअरचा धुमाकूळ आणि त्यातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्यावर वेगळा धागा काढा राव. इथे विषय मावणार नाही.

कोरडा_हिशेब

काढतो, पण दिवाळीनंतर. आत्ता लेखापरीक्षण चालू आहे.

मुरबाडी

रेंज आली. काय ठरलं?